मौनी बेडूक

कमळं लावायची म्हणून नंदुरबारच्या आमच्या घरामागे मी हौसेनं सिमेंटचं टाकं बांधलं. कमळ काही उगवलं नाही. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला आणि उगवले ते बेडूक! जिल्ह्यात तोरणमाळला एवढा मोठा यशवंत तलाव असताना या मंडळींना लग्नाला माझंच कार्यालय पसंत पडलं.

नवरदेव अंगभर हळद लागल्यासारखे पिवळेधमक. गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ‘डराव डराव’. मादी आवाज पारखते आणि नवरा निवडते. पत्रिका नाही, देणंघेणं नाही.

“अहो, तो कोपऱ्यातला बघा,” बॅटरी मारत बायको म्हणाली. “चकार शब्द काढत नाही.”

असे मौनी नर बेडकांच्या बऱ्याच जातींत असतात. ओरडणाऱ्याच्या शेजारी गुपचूप बसायचं आणि त्याच्या आवाजावर भाळून मादी आली की तिला वाटेतच गाठायचं. ओरडण्यात ताकद खर्च होते, शिवाय आवाजाच्या मागावर शत्रू येतात. मध्य अमेरिकेत एक वटवाघूळ तर नराच्या आवाजावरूनच बेडूक टिपतं. म्हणजे घसा एकाचा, धोका त्याचाच आणि संसार दुसऱ्याचा!

“लबाड मेला!” मी म्हणालो.

“आणि तुमचा २०२०चा संप?” बायकोनं शांतपणे विचारलं.

वाचकहो, आता सांगायलाच हवं. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी २०२० असा दोन दिवस बँकांचा पगारवाढीसाठी संप झाला. आमच्या हेड कॅशियरनं घोषणा देऊन घसा बसवून घेतला, वर दोन दिवसांचा पगारही गमावला. माझी नेमकी त्याच दोन दिवशी कंबर धरली होती. ११ नोव्हेंबरला पंधरा टक्के वाढीचा करार झाला. फरकाची रक्कम खात्यात आली, तेव्हा कंबर ठणठणीत होती.

मी कॉमर्सचा माणूस. दोघांचा हिशेब मांडून पाहिला. बेडकाच्या बाजूनं बरंच जमा निघालं. एक तर ओरडणारा ओरडतो तो स्वतःसाठीच. शेजाऱ्याचं भलं व्हावं असं त्याच्या मनातही नसतं. दुसरं, काही जातींत ओरडणारा बाजूला झाला की हाच मौनी गळा काढतो. आमचा हेड कॅशियर मात्र माझ्याहीसाठी ओरडत होता. माझ्या खात्यावर नुसतंच नावे! ऋग्वेदातल्या ऋषीनं बेडकांवर सूक्त रचलं, तेही ओरडणाऱ्यांवर. गप्प बसणाऱ्यांचं सूक्त कुणी रचल्याचं ऐकिवात नाही.

मौनी बेडकाला हाकलावं म्हणून काठी उचलली होती, ती खाली ठेवली.

हेड कॅशियर येत्या नोव्हेंबरात निवृत्त होतायत. पुढच्या संपात कुणीतरी ओरडायला हवं. काल न्हाणीघराचं दार लावून हळूच म्हणून पाहिलं, “झिंदाबाद!”

बाहेरून बायकोचा आवाज आला, “अहो, बेडूक आत शिरला की काय?”