शिशी कायले पायता?

माणसाची पारख कपड्यांवरून करू नये, असं आपल्याला लहानपणी शिकवतात आणि लग्नाला निघताना इस्त्रीचा शर्ट घालायला लावतात. या दोन शिकवणुकींतलं भांडण कुठल्याही तत्त्वज्ञानं मिटवल्याचं ऐकिवात नाही. ते मिटवायची पाळी आमच्या वहिनीवर आली, आणि तीसुद्धा मधामुळे.

आमच्या भावाचं शेत चिखली तालुक्यात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कांद्याचं बी पिकवणारे शेतकरी पुष्कळ. कांद्याच्या फुलांवर मधमाशी फिरली नाही तर बी धरत नाही, म्हणून भावानं पेट्या आणून ठेवल्या. बी तर झालंच, वर ४० किलो मध झाला. तो विकून पुतणीच्या होस्टेलची फी भरायची, असं ठरलं. प्रश्न एवढाच, की भरायचा कशात?

आमच्याकडे याला परंपरा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जंगलातला मध मी वर्षानुवर्षं दारूच्या रिकाम्या बाटलीतच पाहत आलो. सोय मोठी नामी. मध पाण्याच्या साधारण १.४ पट जड. तेव्हा ७५० मिलिलिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली की किलोभर मध झालाच, थोडा वरच. ताजवा नको, वजनं नकोत. एकदा मी अशाच बाटलीवरच्या अर्धवट खरवडलेल्या लेबलाकडे संशयानं पाहत होतो, तर विकणारा म्हणाला, "शिशी कायले पायता, भाऊ? आतलं पाहा!" सगळा वेदान्त एका वाक्यात! लेबलाआड आतलं काही दिसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

घरात सूचनांचं पीक आलं. आईनं माळ्यावरचा पितळी डबा काढला. पण मध आंबटधर्मी. पितळ, तांबं, लोखंड यांच्याशी त्याचं जमत नाही. "मग खामगावची चांदी आणू का?" असं भाऊ म्हणाला आणि वहिनीनं नुसतं पाहिल्यावर गोठ्याकडे गेला. मी प्लॅस्टिकचा पक्ष घेतला, एस.टी.त फुटत नाही. मात्र वाचनात असं आलं, की कॅनडात मेपलच्या झाडाचा ४० लिटर रस आटवून लिटरभर पाक करतात आणि साध्या प्लॅस्टिकमधून हळूहळू हवा शिरून त्या पाकाचा रंग काळवंडतो. म्हणजे भांड्याची पंचाईत सातासमुद्रापलीकडेही चुकलेली नाही.

मग पुण्याहून भाचा आला. त्याच्याजवळ दोन योजना. पहिली, जाड तळाची मोठी बरणी : आत अर्धा किलो, दिसायला पाऊण. दुसरी ऐकून मी सर्द झालो. "मामी, सरळ रमच्या बाटल्यांत भर. पुण्यात लोकांना तेच अस्सल वाटतं. दुप्पट भाव मिळेल!"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडांचा मध तपासून घेतला आणि बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून चकचकीत बाटली पाहिली की माणूस दचकतो आणि मळकी पाहिली की विश्वास टाकतो. पण इथंच खरी मेख आहे. गरिबी हाही एक पोशाख आहे, आणि तोही भाड्यानं मिळतो. रमची बाटली म्हणते, "मी थेट जंगलातून आले." आमचा मध आला होता कांद्याच्या वावरातून. म्हणजे जाड तळाची बरणी जितकी खोटारडी, तितकीच ती फाटकी बाटलीही.

मला वाटतं, भांडं देखणं असण्यात पाप नाही. भांडं आपल्या वतीनं गिऱ्हाइकाशी बोलत असतं. जे वाक्य आपल्याला तोंडानं म्हणायची लाज वाटेल, ते भांड्याकडून वदवू नये, इतकंच. मधमाशीचं पाहा. षटकोनी खणात मध भरते, पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवते, पुरेसा दाट झाला की वर मेणाचं झाकण लावते. कच्च्या मालावर पक्कं झाकण नाही! आणि हे कोण करतं? जिच्या साऱ्या आयुष्याची कमाई चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मानतात, ती!

वहिनीनं हा वेदान्त ऐकला नाही. तिला कामं होती. तिनं रुंद तोंडाच्या, पातळ तळाच्या, साध्या काचेच्या बरण्या आणल्या. आता अर्धा किलो मधाला साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास जागा पुरते. त्यामुळे जो तो म्हणे, "एवढीशीच?" खरं बोललं की माणूस कधी कधी लबाड दिसतो, तो असा. त्यावर तिनं लेबलावर वजन, महिना, किंमत, परवान्याचा नंबर, गावाचं नाव, हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली एक ओळ : 'कांद्याच्या शेतातला मध. थंडीत साखरेसारखा थिजेल. ती भेसळ नव्हे. बरणी कोमट पाण्यात ठेवा.'

भाचा म्हणाला, "मामी, तू तर गिऱ्हाइकाला पळवायचं औषध काढलंस!"

काही गिऱ्हाइकं पळाली हे खरं. मध पंधरा दिवसांत जायचा, तो तीन महिने पुरला. फीचा पहिला हप्ता भावाला उसनवारीनं भरावा लागला. सचोटीला व्याज पडतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण मेहकरला एक शिक्षकीणबाई दोन बरण्या घेऊन गेल्या होत्या. जानेवारीत मध थिजला. त्यांनी लेबल वाचलं, कोमट पाणी केलं आणि महिन्याभरानं आणखी चार बरण्या मागवल्या. सोबत जुन्या दोन धुऊन-पुसून परत पाठवल्या. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बाईंनी बहुधा वहिनीला शेजारीणच मानलं असावं. एकेका बरणीत चिमूटभर साखर होती.

आपल्या मधाच्या बरणीत साखर सापडली म्हणून हरखून गेलेली मध विकणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.