चष्म्याला परवानगी आहे काय?

'वर्गात मोबाईल आणू नये' हे कलम हल्ली बहुतेक शाळांच्या नियमावलीत असतं, आणि ते रास्तही आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले आमचे हेडकॅशियर जिथे टेबलाखाली मोबाईल धरून क्रिकेटचा स्कोअर बघतात, तिथे आठवीतल्या पोराकडून विदेही जनकाच्या वैराग्याची अपेक्षा कुणी करावी?

पंचाईत होते ती वर्गात एखादी अंध मुलगी असली म्हणजे. आमच्या वरच्या मजल्यावर अशी एक आहे. तिचा मोबाईल बोलतो. बाईंनी पाठवलेली टिपणं तो तिच्या एका कानात वाचून दाखवतो, तीही अशा वेगाने, की गाडी सुटायला अर्धं मिनिट उरलंय आणि घोषणा करणाऱ्याला अजून सगळी स्टेशनं सांगायची आहेत! दुसरा कान बाईंसाठी मोकळा. शाळेने तिला परवानगी दिली, तेव्हा पालकसभेत एक गृहस्थ उठले. "नियम म्हणजे नियम! सगळ्यांना समान न्याय हवा!" टाळ्या पडल्या. गृहस्थांनी समाधानाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला.

आता चष्मा म्हणजे तरी काय हो? इंद्रियाची तूट भरून काढणारं यंत्रच ते. आमच्या भाषेत, डोळ्यांचा ओव्हरड्राफ्ट. पण चष्मा लावून परीक्षेला बसलेल्या मुलाविरुद्ध 'याला दोन डोळे जास्त मिळाले' असा अर्ज कुणी केल्याचं ऐकिवात नाही. चष्मा आपल्याला लागतो ना! आपल्याला लागते ती गरज, दुसऱ्याला लागते ती सवलत.

ही परंपरा जुनी आहे. लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. पॅरिसच्या ज्या अंधशाळेत तो शिकला आणि शिकवू लागला, तिथेच पुढे काही काळ त्या लिपीला बंदी झाली. डोळस मास्तरांना वाचता येतील अशी उठावाची रोमन अक्षरंच बरी, असं डोळसांचं मत! ब्रेल १८५२ साली वारला आणि शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. आमच्याकडे प्रमोशनच्या फायली साधारण याच गतीने हलतात.

आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असं तो सांगतो. पण 'वाजवी' म्हटलं की आपल्याला भाजीबाजार आठवतो आणि आपण घासाघीस सुरू करतो. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नोट ओळखून सांगणारं 'मनी' नावाचं ॲप काढलं. मध्यंतरी एक अंध तरुण माझ्या काउंटरवर एकेक नोट मोबाईलपुढे धरून ऐकत होता, तर मागून आवाज आला, "बँकेवर विश्वास नाही वाटतं!" हे म्हणणारे सद्गृहस्थ स्वतः आपली गड्डी अंगठा ओला करून दोनदा मोजतात.

तरी एक शंका मला पटते. वर्गशिक्षिका म्हणाल्या म्हणे, "ती धडा ऐकते की गाणी, हे आम्हाला कळणार कसं?" खरंच नाही कळणार. पण डोळस पोरं बाकाखाली काय काय करतात, हे तरी कुठे कळतं? अंध मुलीने तेवढं अखंड ज्ञानच प्राशन करावं, टंगळमंगळ करूच नये, ही अपेक्षा मला फारच कडक वाटते.

परवा जिन्यात मी तिला विचारलंच.

"एकदा ऐकली ना मॅच, काका," ती म्हणाली. "मागच्या बाकावरून स्कोअर विचारायला चिठ्ठी आली. चिठ्ठी मी कशी वाचणार? म्हणून शेजारणीला दिली. ती वाचताना पकडली गेली. बाईंनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं."

"आणि तुला?"

"मला काहीच नाही!" ती फणकाऱ्याने म्हणाली. "स्कोअर तर मीच सांगणार होते."