हाक मारणारी वही

फोन आणि खिशातली टिपणवही एकाच यंत्रात बसवण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात सुरू झाले. आयबीएमचा ‘सायमन’ १९९४ मध्ये विक्रीला आला. त्यात बोलण्याच्या सोयीबरोबर पत्ते, दिनदर्शिका आणि टिपणे होती. वजन अर्ध्या किलोच्या आसपास होते आणि बोलत राहिले तर बॅटरी तासाभरात संपे. १९९६ मध्ये नोकियाचा ‘९००० कम्युनिकेटर’ आला. त्याच वर्षी आलेला ‘पायलट’ मात्र फोन नव्हता, ती निव्वळ वही होती. पत्ते, तारखा, कामांची यादी एवढेच तिचे काम, आणि दोन लहान पेन्सिल सेलवर ती कित्येक आठवडे चाले. पायलट घडवणाऱ्यांपैकी जेफ हॉकिन्स आणि डोना डुबिन्स्की यांनी १९९८ मध्ये हँडस्प्रिंग ही कंपनी काढली. तिने ‘व्हायझर’ या टिपणयंत्राच्या खाचेत बसणारा ‘व्हायझरफोन’ २००० मध्ये आणला, आणि २००२ च्या सुरुवातीला ‘ट्रिओ १८०’ मध्ये दोन्ही वस्तू कायमच्या एक केल्या.

अशा यंत्राची पारख वजन, पडदा, कळफलक आणि किंमत यांवरून होत असे. ते गैर नव्हते, पण अपुरे होते. एकत्र आलेल्या या दोन वस्तूंचे स्वभाव परस्परविरोधी आहेत. वही उघडेपर्यंत गप्प राहते. तिच्यातले टिपण मालकाची वाट पाहते. फोन वाट पाहत नाही. तो दुसऱ्याच्या सोयीने वाजतो आणि हातातले काम बाजूला ठेवायला लावतो. म्हणून या यंत्राच्या पारखीत एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे: जी वस्तू अवधान मोडते, तिच्याच हवाली माणसाने आपली स्मृती करावी काय?

हा प्रश्न एखाद्या गावात नेऊन पाहावा. परभणी जिल्ह्यातले सोनपेठ हे गोदावरीच्या खोऱ्यातले, काळ्या जमिनीच्या मुलखातले तालुक्याचे गाव. पाथरी, गंगाखेड आणि परळी यांच्या पट्ट्यात ते येते. या भागातल्या गावांत लक्षात ठेवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या वस्तूंत वाटलेले आहे. आडतीच्या दुकानात कीर्द आणि खतावणी असते, घरात पंचांग असते, भिंतीवर १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ असते, भजनी मंडळाकडे हाताने लिहिलेली भजनाची वही असते, आणि सदऱ्याच्या खिशात छोटी डायरी. फोन आला तो या सगळ्यांपासून अलग, आधी टपाल कचेरीत, मग एसटीडी बूथवर. फोन बंद पडला म्हणून खतावणीतली बाकी पुसली जात नसे.

तरीही दोन्ही वस्तू एकत्र असण्याची खरी गरज याच मुलखात दाखवता येते. अखंड हरिनाम सप्ताहासाठी कीर्तनकारांची ‘तारीख घेणे’ हा मराठवाड्यातल्या गावोगावचा व्यवहार आहे. गावकरी विचारतात, महाराज तारीख पाहतात, शब्द देतात. डायरी घरी आणि महाराज प्रवासात, अशी स्थिती असली की एकच रात्र दोन गावांना दिली जाण्याचा धोका असतो. मंडप घातलेला, पंगतीची तयारी झालेली, आणि कीर्तनकार दुसऱ्या गावी: हा केवळ गैरसोयीचा प्रकार नव्हे, दिलेला शब्द मोडतो. ज्या क्षणी शब्द द्यायचा त्याच क्षणी आधीच्या शब्दांची नोंद समोर हवी, ही मागणी सत्याच्या आचरणातूनच येते. फोन आणि वही जोडण्याच्या बाजूने याहून भक्कम कारण सापडणार नाही. या यंत्राला निव्वळ चैन ठरवणारी टीका त्यामुळे टिकत नाही.

यंत्रातली नोंद ही माणसाची स्मृती म्हणावी काय, याचे भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाचे उत्तर स्पष्ट आहे. अनुभवाने आत्म्यावर संस्कार उमटतो. तो संस्कार काही निमित्ताने जागा झाला की जे ज्ञान होते ती स्मृती. संस्काराचे स्थान आत्मा आहे, कागद किंवा पडदा नव्हे. वहीतली तारीख वाचणे हे त्यामुळे स्मरण ठरत नाही. ते डोळ्यांनी आणि शब्दाने झालेले नवे ज्ञान आहे. फार तर त्या नोंदीने आतला संस्कार जागा होतो, आणि मग ती नोंद ‘उद्बोधक’ ठरते.

याच्या नेमके उलट मत १९९८ मध्ये, हँडस्प्रिंग निघाली त्याच वर्षी, अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांनी एका निबंधात मांडले. त्यांचा कल्पित ऑटो विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेला आहे आणि संग्रहालयाचा पत्ता वहीत पाहून जातो. इंगा तोच पत्ता आठवून जाते. दोघांच्या वागण्यात वही आणि मेंदू एकच काम करत असतील, तर ऑटोची वही त्याच्या मनाचाच भाग का मानू नये, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी अटीही घातल्या: वही सतत जवळ हवी, तिच्यातले विनासायास मिळायला हवे, आणि मिळालेल्यावर माणसाने शंका न घेता विसंबायला हवे. पुढे २००८ मध्ये क्लार्क यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चामर्स यांनी आपल्या नव्या फोनने मेंदूची काही कामे आधीच हाती घेतल्याचे लिहिले.

दोन मतांपैकी एक निवडण्याआधी या अटी त्या काळच्या यंत्राला लावून पाहणे उपयोगाचे आहे. पायलट आणि त्याच्या वंशातल्या यंत्रांत टिपणे अशा स्मरणपटलावर असत, ज्याला सतत विजेचा आधार लागे. बॅटरी पूर्ण संपली की पत्ते, तारखा, टिपणे सगळे पुसले जाई. निव्वळ वहीच्या काळात हा धोका लहान होता, कारण सेल आठवडे चालत. व्हायझरफोनला स्वतःची वेगळी बॅटरी होती. बोलून बोलून फोन संपला तरी वही शाबूत राही, आणि फोनचा भाग हवा तेव्हा काढूनही ठेवता येई. ट्रिओमध्ये दोघांना एकच बॅटरी मिळाली. बोलण्याची भूक मोठी, टिपणांची अगदी लहान. पण एकाच साठ्यावर दोघे जगू लागले तेव्हा बोलण्याने स्मृतीचा घास जाण्याची शक्यता निर्माण झाली. ज्या भागात वीज दिवसातून कित्येक तास नसते, तिथे ही शक्यता किरकोळ म्हणता येत नाही. ‘सतत जवळ’ ही अट यंत्र पाळते, ‘विसंबता येईल’ ही अट बॅटरीच्या टक्क्यांवर लोंबकळते. २००४ च्या ‘ट्रिओ ६५०’ मध्ये वीज गेली तरी टिकणारे स्मरणपटल आले आणि हा दोष दूर झाला. तोवर या यंत्रांतली नोंद सुरक्षित ठेवायची तर तिची प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवणे हाच उपाय होता.

प्रत कोणाकडे ठेवावी, या प्रश्नाची मराठीतली सर्वांत मोठी कथा लीळाचरित्राची आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि इ.स. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ रिद्धपूरला सिद्ध झाला. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो शिष्यांच्या पाठांतरातून. म्हणूनच त्याचे अनेक पाठ आज मिळतात, आणि त्यांतला एक हिराइसा या तल्लख स्मरणाच्या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. इथे पोथी ही नक्कल ठरली आणि माणसे मूळ ठरली. संगणकावरून परत आणलेले टिपण अक्षरशः पहिल्यासारखे असते. माणसांच्या स्मरणातून परत आलेला ग्रंथ पाठभेद घेऊन येतो. पण ते पाठभेद सांगतात की मजकूर कोणाच्या तरी अंतःकरणात राहून आला आहे. यंत्राच्या बिनचूक प्रतीला ही साक्ष देता येत नाही, आणि न्यायदर्शनाचे म्हणणे या ठिकाणी अधिक खरे वाटते: संस्काराला राहायला माणूस लागतो.

क्लार्क आणि चामर्स यांचे म्हणणे त्यामुळे निकालात निघत नाही. कीर्तनकाराच्या तारखा अंतःकरणात बाळगण्याची काही गरज नाही. त्या वहीत असलेल्याच बऱ्या. त्याचे पाठांतर मात्र वहीत असून भागत नाही. ऐन कीर्तनात प्रमाण म्हणून अभंग हवा असतो तेव्हा तो ओठांवर यावा लागतो, आणि कोणता अभंग येईल हे त्या क्षणीच्या भावावर ठरते. एकाच माणसाच्या दोन आठवणी दोन प्रकारच्या आहेत, आणि यंत्र त्यांतल्या एकीलाच उपयोगी आहे.

आठवण जागी कशाने होते याची न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातली यादी या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहे. चित्त एकाग्र करणे, अभ्यास, खूण, सारखेपणा, एकामागून एक येणे, वियोग, विरोध, सुख, दुःख, भय, इच्छा, प्रेम अशी वीसहून अधिक निमित्ते तिथे सांगितली आहेत. टिपणयंत्राला यांतले जवळपास एकच जमते: ठरलेली वेळ आली की खूण करणे. शिवाय त्याला कळणारी वेळही एकाच जातीची आहे. पायलटच्या दिनदर्शिकेत एखादी गोष्ट रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला किंवा दर वर्षी येईल असे लावता येई, पण ते सगळे इंग्रजी तारखेनुसार. वडिलांचे श्राद्ध तारखेला येत नाही, तिथीला येते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. ती कधी वीस तासांहून कमी तर कधी सव्वीस तासांच्या आसपास असते, आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येऊन सगळा हिशेब सरकतो. एकादशी, पौर्णिमा, यात्रा, श्राद्ध यांच्या ओढीने ज्या घराचे वर्ष चालते, त्या घराला या यंत्राबरोबर पंचांग लागणारच होते. हातातल्या लेखणीने लिहायची ‘ग्राफिटी’ ही पद्धतही रोमन अक्षरांवर बेतलेली होती. म्हणजे मराठी माणसाने आपली आठवण आधी दुसऱ्या लिपीत आणि दुसऱ्या कालगणनेत घालायची, मग यंत्राने ती सांभाळायची. हा दोष बॅटरीच्या दोषाहून खोल होता.

आता अवधानाकडे. न्यायदर्शन मनाला अणू मानते. एका वेळी ते एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून दोन ज्ञाने एकाच क्षणी होत नाहीत, आणि मन नावाचे वेगळे काही आहे याचा पुरावाही त्यात आहे, असे सूत्रकार गौतम मांडतात. फोन आणि वही यांच्या जोडयंत्राने हे तत्त्व अगदी स्थूल रूपात दाखवून दिले. फोन कानाला लावला की पडदा गालाशी जातो. तारीख नेमकी ज्या क्षणी पाहायची त्याच क्षणी ती दिसत नाही. उपाय केले गेले: नोकियाचे यंत्र उघडून मोठ्या आवाजात बोलता येई, ट्रिओला कानात घालायची तार होती. कान आणि डोळे मोकळे झाले, पण मन एकच राहिले. समोरचा बोलत असताना तारखा चाळणारा माणूस अर्धे ऐकतो आणि अर्धे पाहतो. हे यंत्राच्या घडणीतले वैगुण्य नाही, म्हणून नव्या घडणीने ते जात नाही.

सोनपेठच्या शेजारच्या तालुक्याचे गाव गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची जी नामावळी वारकरी परंपरेत आहे, तिच्यात जनाबाईंचा लेखक म्हणून पांडुरंगाचे नाव येते. हात जात्यावर, मुखात नाम, आणि नोंद ठेवणारा दुसराच कोणी. या श्रद्धेत नोंदवणाऱ्याविषयी एक अपेक्षा आहे, आणि ती आज यंत्रांनाही लावण्याजोगी आहे: त्याने मजकूर जपावा आणि चालू असलेले मोडू नये. पायलटसारखी निव्वळ वही या अपेक्षेच्या बरीच जवळ जाते. ट्रिओने नोंदी अधिक हाताशी आणल्या, पण ज्या पडद्यावर माणूस विचार लिहीत असतो त्याच पडद्यावर कोणाचाही फोन येऊन उभा राहू लागला.

गीतेत ‘स्मृती’ ज्या अर्थाने येते ती तर या सगळ्या व्यवहाराच्या पलीकडची आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, त्यातून क्रोध, मग मोह आणि स्मृतीचा भ्रंश, अशी घसरण दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे अर्जुन म्हणतो की मोह गेला, स्मृती परत मिळाली. त्याला एखादी विसरलेली तारीख आठवलेली नाही. आपण कोण आणि आपले कर्तव्य कोणते याचे भान परत आले आहे. नामस्मरणातले स्मरणही याच घरातले. त्यात माहितीची भर पडत नाही, तेच नाम पुन्हा पुन्हा घेतले जाते. हे भान कोणत्याही यंत्रात साठवता येत नाही. फक्त ते टिकायला सलग अवधान लागते, आणि यंत्र चुकते ते तिथे.

या मापाने पाहता सुरुवातीच्या जोडयंत्रांपैकी व्हायझरफोनची रचना सर्वांत शहाणपणाची होती, जरी बाजारात ती फार टिकली नाही. तिच्यात फोन आणि वही यांचा संयोग होता, ऐक्य नव्हते. वैशेषिक दर्शनाच्या परिभाषेत संयोग म्हणजे अलग होऊ शकणाऱ्या दोन द्रव्यांची जोड, तर समवाय म्हणजे अलग न करता येणारे नाते. तारीख देताना फोन खाचेत बसवावा, लिहिताना काढून ठेवावा, ही मुभा वापरणाऱ्याकडे होती. ट्रिओने संयोगाचे रूपांतर जवळजवळ समवायात केले आणि पुढच्या बहुतेक फोननी तोच मार्ग धरला. बॅटरी संपून टिपणे पुसली जाण्याचा प्रश्न २००४ नंतर सुटला. देवनागरी आली, तिथी दाखवणारी पंचांगे फोनमध्ये आली. हाक आणि वही एकाच पडद्यावर असण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. तो वापरणाऱ्याने घंटी बंद ठेवूनच सोडवावा लागतो, आणि कीर्तनाच्या मंडपात मोबाइल बंद ठेवण्याची सूचना आज त्यासाठीच करावी लागते.