कृतीचे स्वामित्व आणि आईची साक्ष : 'वास्तव'मधील नैतिक प्रश्न

१

गुन्हेगाराच्या उदयाची कथा सांगणे म्हणजे त्याच्या गुन्ह्यांची कारणे सांगणे होय. आणि कारणे सांगणे म्हणजे बहुतेक वेळा दोष हलका करणे होय. हा कथनाचा स्वभावच आहे. कथा घटनांना एकामागून एक ओवते, आधीची घटना नंतरच्या घटनेला अपरिहार्य वाटायला लावते, आणि शेवटी जे घडले ते याहून वेगळे घडूच शकले नसते अशी भावना श्रोत्याच्या मनात रुजवते. न्यायनिवाड्याची भाषा मात्र याच्या नेमकी उलट असते. तिला कर्ता हवा असतो. ज्या क्षणी त्याला निराळे वागता आले असते असा क्षण हवा असतो. कथनाची ही कार्यकारणभाषा आणि निवाड्याची ही कर्तृत्वभाषा यांच्यातील तणाव हिंदी चित्रपटातील गुन्हेगारी कथांमध्ये वारंवार दिसतो. महेश मांजरेकर दिग्दर्शित 'वास्तव' (१९९९) या चित्रपटात तो विशेष तीव्रतेने प्रकट होतो, आणि म्हणूनच या चित्रपटाचा विचार सामाजिक चित्रणाच्या अंगाने जितका व्हायला हवा, तितकाच नीतिमीमांसेच्या अंगानेही व्हायला हवा.

चित्रपटाचे शीर्षकच एक दावा करते. जे दाखवले जात आहे ते वास्तव आहे, असे ते सांगते. परंतु हे वास्तव प्रेक्षकापुढे थेट येत नाही. समुद्रकिनारी एका मृत मुलाचे वर्षश्राद्ध चालू आहे, त्या मुलाचा मुलगा आपल्या वडिलांविषयी विचारतो आणि आजी सांगू लागते. पुढे येणारी सारी कथा या सांगण्याच्या चौकटीत आहे. 'वास्तव' म्हणून जे समोर येते ते एका आईची साक्ष आहे. ही बाब ध्यानात घेतल्याखेरीज चित्रपटाचा नैतिक आशय नीट उलगडत नाही.

२

कथासूत्र सर्वपरिचित आहे. चाळीत राहणारा रघू शिवलकर मित्रांसह पावभाजीची गाडी टाकतो. धंदा चालू लागतो. दारूच्या नशेत आलेल्या टोळक्याशी बाचाबाची होते, तिचे पर्यवसान मारामारीत होते आणि रघूच्या हातून एक माणूस मरतो. मेलेला माणूस एका गुंडाचा भाऊ असतो. रघू आणि त्याचा मित्र देडफुट्या पळतात. सुलेमानभाईच्या मध्यस्थीने समेटाचा प्रयत्न होतो. समेटाचा शब्द पाळला जात नाही, आणि जीव वाचवण्यासाठी दुसरी हत्या घडते. त्यानंतर विठ्ठल काण्याचा आश्रय, मग मोबदल्यासाठी हत्या, मग राजकारणी बब्बनरावाशी संधान, वैभव, दहशत आणि अखेर विनाश.

हा क्रम केवळ घटनांचा नाही. कर्ता आणि कृती यांच्यातील संबंध यात टप्प्याटप्प्याने पालटत जातो. पहिल्या मृत्यूमागे हत्येचा हेतू नाही. दुसऱ्यामागे हेतू आहे, पण तो भयातून व बचावातून आलेला आहे. तिसऱ्या टप्प्यावर भयाची जागा व्यवहार घेतो. या तिन्ही टप्प्यांना एकच 'परिस्थिती' हा शब्द लावणे ही विचारातील ढिलाई ठरेल.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' या संकल्पनेची चर्चा केली, ती येथे उपयोगी पडते. विल्यम्स यांनी घेतलेले उदाहरण एका मालमोटारीच्या चालकाचे आहे. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली सापडते. तो दोषी नाही हे सर्वांना मान्य असते, तरीही त्याला होणारे दुःख आणि बघ्याला होणारे दुःख एकजातीय नसते. हे आपल्या हातून झाले, ही जाणीव त्याच्या दुःखात मिसळलेली असते. विल्यम्स यांनी या भावनेला कर्त्याच्या अनुतापाचा दर्जा दिला. पहिल्या मृत्यूनंतरचा रघू या चालकाहून अधिक दोषी आहे, कारण मारामारीत तो स्वतः उतरला होता. तरी त्याच्या वाट्याला आलेल्या परिणामात दैवाचा अंश मोठा आहे. तसाच एखादा तडाखा दुसऱ्या कोणी हाणला असता आणि समोरचा जखमी होऊन उठला असता, तर ती रात्र दोन दिवसांत विसरली गेली असती.

मात्र नैतिक दैवाची संकल्पना एवढ्यावर थांबत नाही. दैवाने ओढवलेल्या कृतीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या प्रकरणात दोन दृष्टान्त दिले आहेत. वादळात सापडलेल्या जहाजावरचा माणूस माल समुद्रात फेकतो. असे कोणी आपण होऊन करीत नाही, परंतु त्या क्षणी निवड त्याचीच असते. अशा कृती ॲरिस्टॉटल संमिश्र मानतो. रघूची दुसरी हत्या या वर्गात पडते. दुसरा दृष्टान्त दगडाचा आहे. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही. पण तो फेकणे आपल्या हाती होते. अन्यायी झालेल्या माणसाला आता केवळ इच्छेने न्यायी होता येणार नाही, तरी तसा होण्याची सुरुवात त्याच्या स्वाधीन होती, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. 'वास्तव'चा उत्तरार्ध या दुसऱ्या दृष्टान्ताचे विस्तृत भाष्य वाटावे असा आहे. रघूला परत फिरता येत नाही हे खरे. पण परत फिरता न येणे आणि जबाबदार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेक्षक या दोहोंची गल्लत करतो, आणि कथनाची गती त्याला तशी गल्लत करू देते.

३

याचा अर्थ परिस्थितीचे विश्लेषण गौण ठरते असा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख कामगार उतरले; संपानंतर गिरणगावाची अर्थव्यवस्था आणि तिच्यावर उभी असलेली जीवनपद्धती मोडून पडली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने या मोडतोडीला घराच्या चार भिंतींत आणले. तेथेही एक मुलगा गुंडगिरीकडे वळतो आणि मारला जातो. याच नाटकावर मांजरेकरांनी पुढे २०१० मध्ये 'लालबाग परळ' हा चित्रपट केला, हे ध्यानात घेता 'वास्तव' आणि 'अधांतर' यांचे अनुभवविश्व परस्परांपासून दूर नाही, असे म्हणता येईल. बेकार तरुणांची एक पिढी आणि तिला कामाला लावू शकणारी टोळ्यांची व्यवस्था या दोन गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी उपलब्ध होत्या.

परंतु सामाजिक स्पष्टीकरण समूहाविषयी बोलते. ते एका माणसाच्या एका कृतीपर्यंत पोचत नाही. चाळीतून टोळ्यांना माणसे का मिळाली, हे ते सांगू शकते. रघूने तिसऱ्यांदा शस्त्र का उचलले, हे त्याला सांगता येत नाही. 'वास्तव'मध्ये याचे प्रमाण घरातच उपस्थित आहे. रघूचा भाऊ शिकलेला आणि बेकार आहे. तीच खोली, तेच आईवडील, तीच चणचण. पण तो त्या वाटेने जात नाही. अर्थात भावाच्या उदाहरणावरून रघूला दोषी ठरवण्याची घाईही बरी नव्हे; भावाच्या हातून त्या रात्री कोणी मेलेले नाही. दोघांची परिस्थिती समान होती, दैव समान नव्हते. 'परिस्थितीने घडवले' आणि 'स्वभावानेच वाईट' ही दोन्ही उत्तरे येथे सारखीच अपुरी ठरतात, ती यामुळे.

४

गुन्हेगाराच्या उदयात प्रेक्षकाला मिळणारा आनंद हाही नैतिक प्रश्नाचा भाग आहे. रॉबर्ट वॉरशो यांनी १९४८ साली अमेरिकी गुन्हेगारपटांविषयी लिहिताना असे सुचवले की, या नायकाचा खरा अपराध यश हाच असतो. यश त्याला गर्दीतून वेगळा काढते, एकटा पाडते, आणि एकटे पडणे म्हणजेच मारले जाणे. प्रेक्षक त्याच्यासोबत वर चढतो आणि त्याच्या मरणाने सुरक्षितपणे खाली उतरतो.

'वास्तव'मधील सर्वाधिक लक्षात राहिलेला प्रसंग यशाचाच आहे. रघू घरी येतो आणि आईला गळ्यातील पन्नास तोळ्यांची साखळी दाखवतो. सोन्याला मराठी निम्नमध्यमवर्गीय घरात जो अर्थ असतो तो येथे विपरीत होऊन आला आहे. आयुष्यभराची काटकसर, लेकीसुनांसाठी तोळ्यातोळ्याने जमवलेला ऐवज, अडीअडचणीचा आधार, ही सोन्याची परिचित रूपे आहेत. रघूच्या गळ्यात ते एकदम, वजनाच्या आकड्यासह येते. त्या आकड्यामागे किती माणसे आहेत, याचा हिशेब कोणी मागत नाही. प्रेक्षागृहात या प्रसंगाला मिळालेली पसंती पाहता असे म्हणावे लागते की, करुणेच्या आधी प्रेक्षकाने नायकाच्या वैभवात भागीदारी केली होती. ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'त शोकनायकाच्या पतनाने करुणा आणि भय जागे होतात. येथे त्या दोहोंमध्ये तिसरी भावना मिसळते. ती हेव्याची आहे. जिचा आधी हेवा केला त्याच व्यक्तीविषयी नंतर वाटणारी करुणा पूर्णतः निर्मळ नसते.

५

चित्रपटाचा शेवट आईच्या हातून मुलाच्या मृत्यूने होतो. भयाने आणि व्यसनाने खचलेला रघू सुटका मागतो आणि आई गोळी झाडते. या प्रसंगाची पूर्वपीठिका दीर्घ आहे. मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया'त (१९५७) राधा बिरजूला मारते. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या आणि यश चोप्रा दिग्दर्शित 'दीवार'मध्ये (१९७५) आई पोलीस मुलाच्या पाठीशी उभी राहते आणि दुसरा मुलगा तिच्या मांडीवर प्राण सोडतो. या तिन्ही चित्रपटांत आईच्या निर्णयाची तुलना अनेकदा सुचते. परंतु आणखी एक साम्य अधिक अर्थपूर्ण आहे. तिन्ही कथा आईच्या स्मरणातून उलगडतात. 'मदर इंडिया'त वृद्ध राधा कालव्याच्या उद्घाटनाला आली असता भूतकाळ जागा होतो. 'दीवार'मध्ये पोलीस मुलाच्या सन्मानसमारंभात आई पुढे येते आणि तिचे स्मरण सुरू होते. 'वास्तव'मध्ये निमित्त श्राद्धाचे आहे.

कालवा, पदक आणि पिंड या तीन निमित्तांमधून एक मोठे स्थित्यंतर व्यक्त होते. पहिल्या दोन ठिकाणी आईच्या त्यागाला साक्षी म्हणून राज्यसंस्था हजर आहे. मुलाला गमावण्याची किंमत गावाला मिळणाऱ्या पाण्यात किंवा कायद्याच्या प्रतिष्ठेत रूपांतरित होते. राधा बिरजूला मारते ती गावातील एका मुलीची अब्रू राखण्यासाठी. तिच्या गोळीत सार्वजनिक न्यायाचा आशय आहे. 'वास्तव'मधील आईपुढे असे कोणतेही सार्वजनिक प्रयोजन उरलेले नाही. राज्यसंस्थेचा प्रतिनिधी असलेला बब्बनराव रघूला वापरून मग त्याच्यावर उलटलेला आहे. पोलिसांचा न्याय देडफुट्याला चकमकीत मिळालेला आहे. राज्याने न्याय देण्याची पात्रता गमावली, म्हणून आईची कृती घरगुती झाली. ती रघूला न्याय देत नाही, मुक्ती देते.

येथे चित्रपटाची खरी नैतिक अडचण आहे. आईला मुलावर दया करण्याचा अधिकार आहे, हे मान्य करता येईल. परंतु मुलाच्या हातून मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिला नाही. तो कोणत्याही तिऱ्हाइताला नसतो. क्षमा ज्याचे नुकसान झाले त्यानेच करावयाची असते. रघूने मारलेल्यांपैकी बहुतेकांना चित्रपट घर देत नाही, आई देत नाही. त्यांच्या आयांची साक्ष कोणी नोंदवलेली नाही. किनाऱ्यावर एकाच मृताचे श्राद्ध होते. श्राद्ध हा ऋणाचा विधी आहे, पण ते ऋण कुळापुरते असते. परक्याच्या मृत्यूचे ऋण फेडण्याची सोय त्यात नाही. कुळाच्या नीतीत सामावून घेतल्यावर रघूचा अपराध हे घराचे दुःख बनते, आणि दुःख झालेल्या माणसाला जाब विचारण्याचा संकोच प्रेक्षकाला वाटू लागतो.

६

तरीही आईच्या साक्षीला केवळ समर्थन म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळेच पहिल्या मृत्यूतील दैवाचा अंश प्रेक्षकाला कळतो. चकमकीच्या नोंदीत तो कधीच आला नसता. चकमकीत संशयिताचे म्हणणे ऐकले जात नाही, आणि राजकारण्याला ते ऐकायचे नसते. पण आईच्या गोळीनेही ते संपतेच. पोलीस, पुढारी आणि आई यांचे हेतू पूर्णतः भिन्न असले, तरी तिघांच्याही मार्गात एक जागा रिकामी राहते : जेथे कृतींची छाननी एकेक करून होते, कारणे ऐकली जातात आणि तरीही कर्त्याला उत्तर द्यावे लागते, ती न्यायालयाची जागा. कथेच्या शेवटी तिला स्थान नाही. कोणती हत्या अपघाताची, कोणती भयाची आणि कोणती रघूची स्वतःची, हा निवाडा कोणत्याही पात्राने केलेला नाही.

मांजरेकरांनीच २००२ मध्ये केलेल्या 'हथियार'मध्ये रघूचा मुलगा मोठा होतो आणि बापाच्याच वाटेने जातो. किनाऱ्यावर ज्याने कथा ऐकली तोच हा श्रोता होय. आजीने त्याला बाप का बिघडला हे सांगितले होते. त्याने कोणाकोणाचे काय केले, याचा हिशेब त्या सांगण्यात नव्हता. कारणांचा वारसा मिळालेल्या माणसाला आपली कृती त्याच कारणमालिकेतील पुढची कडी वाटावी, यात नवल नाही. गुन्हेगाराविषयी करुणा बाळगणारे कथन त्याच्या बळींविषयी मौन पाळते, तेव्हा त्या मौनाचे पहिले नुकसान बळींचे होते आणि दुसरे त्या कथेच्या वारसाचे.