वसूल आणि सुटी

चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये, शिवालिकच्या टेकड्या पाठीशी घेऊन वसलेल्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये उघड्या हाताचे एक शिल्प आहे. सव्वीस मीटर उंचीचा, सुमारे पन्नास टन वजनाचा हा धातूचा हात वाऱ्याच्या दिशेबरोबर फिरतो. ल कॉर्ब्यूझिएने ही कल्पना अनेक वर्षे मनात बाळगली होती. तो १९६५ मध्ये वारला आणि हात प्रत्यक्षात उभा राहिला तो १९८५ मध्ये. देणारा आणि घेणारा हात एकच, असा त्यामागचा आशय. हाताच्या पायथ्याशी, जमिनीच्या पातळीखाली, एक खोलगट चौक आहे. नागरिकांनी तेथे उतरून बसावे आणि सामाईक प्रश्नांचा विचार करावा, असा त्याचा हेतू होता. आज मात्र तेथे पोचतात ते ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळी, वाटाड्यामागून येणारे पाहुणे. १९९५ मध्ये सचिवालयाच्या दाराशी मुख्यमंत्री बिअंत सिंग यांची हत्या झाली. त्यानंतर या विस्तीर्ण पटांगणावर पहारा वाढला आणि माणसांचा वावर उणावला. २०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतील कॉर्ब्यूझिएच्या ज्या सतरा वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हे संकुल आहे.

शिमल्याच्या वाटेवर अर्धा दिवस चंडीगडला थांबणाऱ्या मराठी कुटुंबांना हा हात बहुधा धावता दिसतो. त्यांचा खरा मुक्काम शेजारच्या रॉक गार्डनमध्ये आणि सुखना तलावाच्या काठावर असतो. असेच एक कुटुंब कल्पावे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आई शिक्षिका, दोन मुले आणि आजी. धाकट्याला त्या खोलगट चौकात उतरवले, की तो विचारणार, ‘‘बाबा, इथे करायचं काय?’’ प्रश्न चुकीचा नाही. जेथे फिरणारे पाळणे नाहीत, घसरगुंडी नाही, खाद्यपदार्थांची रांग नाही, अशा ठिकाणी काय करावयाचे असते याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नाही. आणि वडिलांच्या मनात त्या वेळी दुसराच हिशेब चालू असणार: घराजवळच्या मनोरंजन-उद्यानाचा वर्षभराचा पास पाच जणांसाठी काढावा की काढू नये. सवलतीची मुदत संपत आलेली असते. अशी मुदत नेहमीच संपत आलेली असते.

हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा आहे. पासाची किंमत एका दिवसाच्या तिकिटाच्या अडीचपट असेल, तर तिसऱ्या भेटीपासून नफा सुरू होतो; तीनदा जाणे होणार असेल तर पास घ्यावा, नसेल तर घेऊ नये. एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर त्यात चिंतन करण्याजोगे काही उरले नसते. परंतु मराठी माणूस हा हिशेब ज्या शब्दात मांडतो तो शब्दच विचारात पाडणारा आहे. तो म्हणतो, ‘‘पैसे वसूल झाले पाहिजेत.’’ मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ येऊन पोचणे असा आहे. फारसीच्या वाटेने मराठीत आल्यावर तो शेतसाऱ्याला, कर्जाच्या हप्त्याला, दंडाला चिकटला. वसूल हा कोणाकडून तरी करावयाचा असतो. त्याला एक देणेकरी लागतो. उद्यानाचे पैसे तर आधीच भरलेले असतात. मग ही वसुली होते कोणाकडून? उद्यानाच्या मालकाकडून नव्हे, कारण पाचवी फेरी मारल्याने त्याच्या तिजोरीतून काही बाहेर पडत नाही. ती होते कुटुंबाच्या पुढील रविवारांकडून. आणि ‘सुटी’ हा शब्द तर ‘सुटणे’ या क्रियापदाचा आप्त. जी सुटका म्हणून मिळाली तिच्यावर पुन्हा सारा बसवण्याचा हा प्रकार आहे.

तरीही पासाची बाजू ऐकल्यावाचून निकाल देणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले, आणि नंतरची पंचवीसएक वर्षे तेथे कूपनांची चोपडी मिळत असे; प्रत्येक खेळाला त्याच्या दर्जाप्रमाणे एक कूपन फाडून द्यावे लागे. १९८२ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली आणि एकदा पैसे भरले की दिवसभर सर्व खेळ खुले, अशी व्यवस्था आली. महाराष्ट्रात १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. त्यांनी मराठी मध्यमवर्गाला याच एकरकमी आनंदाची ओळख करून दिली. जत्रेत बाप प्रत्येक पाळण्यापाशी खिशात हात घालून थबकत असे, आणि मूल पाळण्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत असे. एकरकमी तिकिटाने ती नजर संपवली. दिवसभर ‘नको’ म्हणावे लागत नाही, ही बापासाठी लहान सुटका नव्हे. वार्षिक पास ही सुटका दिवसावरून वर्षावर नेऊ पाहतो.

याचा अधिक प्रसन्न नमुना महाराष्ट्राच्या घरचाच आहे. राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना चार किंवा सात दिवसांचा पास देते, आणि त्यावर एस.टी.ने वाटेल तेथे जाता येते. या पासाने किती कुटुंबांना कोकणात उतरून मन बदलल्यावर कोल्हापूरकडे वळण्याची मुभा दिली असेल! येथे आधी भरलेला पैसा वाट मोकळी करतो. फलाटावर पाटी बघून बेत ठरवता येतो, चुकीची गाडी पकडली तरी हळहळ नाही. पण या पासाचे दोन गुण विसरता येत नाहीत. एक म्हणजे तो सात दिवसांत संपतो; प्रवासाला निघताना माणसाच्या मनात जे असते त्याच्यापुढे तो फारसा जात नाही. दुसरा गुण असा, की तो एका जागी बोलावत नाही. वार्षिक पास मात्र परत-परत त्याच दारात बोलावतो, आणि तेही ज्या माणसाने तो घेतला तो बदलून गेल्यानंतर.

आधी भरलेला पैसा माणसाच्या मनावर कसा चालतो, याचा एक प्रयोग आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठातील नाट्यगृहाचे हंगामी तिकीट घेणाऱ्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना ते पूर्ण किमतीला, म्हणजे १५ डॉलरला दिले. उरलेल्यांना कोणाला २ तर कोणाला ७ डॉलरची अनपेक्षित सूट दिली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजणारे प्रेक्षक सूट मिळालेल्यांपेक्षा अधिक नाटकांना आले. नाटके तीच, खुर्च्या त्याच. फरक फक्त टोचणीचा. उत्तरार्धात हा फरक पुसला गेला, म्हणजे टोचणीलाही झीज असते. उलट बाजूचे चित्र २००६ मध्ये डेलाविन्या आणि मालमेंडियर यांनी दाखविले. अमेरिकेतील तीन व्यायामशाळांत मासिक वर्गणी भरणाऱ्यांना दर खेपेला सरासरी १७ डॉलरहून अधिक खर्च पडत होता, आणि दहा भेटींचे तिकीट घेतले असते तर तोच १० डॉलर पडला असता. म्हणजे पास घेणारा एक तर मन मारून जातो, नाही तर न जाऊन मनाला खात बसतो. तिसरी माणसेही असतातच; त्यांना ती जागा मनापासून आवडते आणि ती घरापासून जवळ असते. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

अर्थशास्त्री या टोचणीला तर्कदोष म्हणतात: गेलेला पैसा गेला, पुढचा निर्णय त्याच्याकडे न बघता घ्यावा. हा उपदेश बरोबर असूनही अपुरा आहे; कारण मराठी मध्यमवर्गाच्या घरात ‘वाया घालवू नये’ हा हिशेबाचा नियम नसून संस्काराचा आहे. तो ताटावर शिकवला जातो. पानात टाकू नये, वाढून घेतलेले संपवावे. ज्या आजीने रेशनच्या रांगेत उभे राहून धान्य आणले, तिला ताटात उरलेल्या भातामागे शेतकरी दिसतो, आणि तिचे ते दिसणे नीतीच्या दृष्टीने निर्दोष आहे: टाकलेले अन्न दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडचे असते. परंतु न वापरलेला पाळणा कोणाच्या तोंडचा असतो? पाचवी फेरी न मारल्याने जगातली कोणतीच वस्तू नासत नाही. एक शहाणा संस्कार येथे आपले क्षेत्र सोडून परक्या प्रदेशात राज्य करू लागतो. गंमत अशी, की ताटातला भात वाचवताना माणूस खरोखर काही वाचवतो. पासाची फेरी वाचवताना मात्र तो रविवार खर्ची घालतो, आणि रविवार ही या घरातील सर्वांत दुर्मीळ वस्तू असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पैसा सोडून देण्याची चैन श्रीमंताला परवडते. त्याचा पास खणात पडून राहिला तरी त्याची झोप मोडत नाही. ज्याला तीन महिने बाजूला टाकून रक्कम जमवावी लागली, त्याला ‘विसरून जा’ म्हणणे हा उद्दामपणा ठरेल. हे मान्य करावेच लागते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पासाच्या विरुद्ध जातो. जो पास न वापरता सोडून देता येणार नाही, तो घेणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. घेणाराच त्याचा बांधील होतो. बेताच्या मिळकतीच्या घराने एकेका दिवसाचे महाग तिकीट काढणे हा वेडेपणा नाही. दर भेटीमागे ते जो थोडा अधिक पैसा मोजते, तो पुढचा रविवार कोरा ठेवण्याचे मोल आहे, आणि ते मोल फार वाटत नाही.

आणखी एक गाठ आहे, ती अधिक अवघड. पास ‘कुटुंबा’साठी घेतला जातो, कुटुंब मात्र निर्णय घेत नाही, त्यातील एक जण घेतो. उंच झोक्यांचा पास आजीच्याही नावाने निघतो, आणि ती दिवसभर बाकावर चपला, पाण्याच्या बाटल्या व ओले टॉवेल सांभाळीत बसते. पाचापैकी एक भाग तिच्या बसण्याचा आहे, हे हिशेबात कोठेही दिसत नाही. थोरली मुलगी आज अकरा वर्षांची. पुढच्या मे महिन्यात तिला मैत्रिणींबरोबर जावेसे वाटेल किंवा खोलीचे दार लावून वाचत पडावेसे वाटेल. तेव्हा ‘‘अगं, तुझ्यासाठीच तर घेतला होता’’ हे वाक्य उच्चारले जाते. ते प्रेमाने उच्चारले जाते, म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही. आजच्या मुलीच्या हट्टावर पुढच्या वर्षीच्या मुलीला बांधून घेण्याचा अधिकार बापाला किती? लग्न, शिक्षण, आजारपण अशा मोठ्या बाबतींत कुटुंबे हा अधिकार रोज वापरतात. पण तेथे बांधून घेण्यामागे काही कारण तरी असते. मौजेसाठी बांधून घेण्यात विसंगती आहे, आणि ती मुलांना मोठ्यांच्या आधी कळते.

यावर कोणी वारीचे उदाहरण देईल. वारकरीही वर्षानुवर्षे त्याच वाटेने त्याच गावाला जातो, आणि न जाणे झाले तर त्यालाही चुटपुट लागते. साम्य आहे, पण नेम आणि पास यांत भेद आहे. नेमात आधी काही भरलेले नसते म्हणून परत काही मिळवायचेही नसते. वारी चुकल्याचे दुःख भेट चुकल्याचे असते. शिवाय नेम ज्याचा त्याने धरायचा असतो. बापाने माळ घातली म्हणून मुलाच्या गळ्यात ती आपोआप पडत नाही.

आणि खुद्द ते चंडीगडला आलेले कुटुंब? त्याच्या प्रवासामागेही एक पास आहेच. केंद्र सरकारच्या नोकराला चार वर्षांच्या गटात रजा-प्रवास सवलत मिळते. गट संपला आणि मुदतवाढही उलटली की ती बुडते. ‘‘एल.टी.सी. वाया जाईल’’ या एका वाक्याने किती मराठी घरांना शिमला, काश्मीर, अंदमान दाखविले, याची मोजदाद करणे अवघड आहे. म्हणजे वसुलीच्या भावनेने माणसे घराबाहेर पडतात, आणि कधी कधी जे वसूल करता येत नाही तेथे येऊन पोचतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ येथे अवचित खरा ठरतो. समोरच्या सचिवालयाच्या लांबच लांब इमारतीत पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांचे कर्मचारी रजेचे अर्ज लिहितात आणि मंजूर करतात. त्या अर्जांत ‘अर्जित रजा’ असा शब्दप्रयोग असतो, आणि ती साठवून निवृत्तीच्या वेळी रोखीत बदलता येते. न घेतलेल्या सुटीचे पैसे होतात, आणि आधी दिलेल्या पैशांची सक्तीची सुटी होते. दोन्ही व्यवहार कागदावर चोख बसतात.

उघड्या हाताच्या चौकात मात्र वसूल करण्याजोगे काही नाही. शेजारच्या रॉक गार्डनचीही सुरुवात अशीच बिनहिशेबी झाली. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक. १९५७ पासून पुढे जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी कोणाला न सांगता, नोकरीनंतरच्या वेळात, शहर बांधताना उरलेले तुकडे तेथे वाहून आणले. फुटक्या बांगड्या, मोडक्या फरशा, टाकून दिलेली भांडी यांची माणसे आणि जनावरे केली. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आता तेथे माफक तिकीट आहे आणि सुटीच्या दिवशी रांगही. ज्याला कोणी मोल दिले नव्हते त्याचेच ते जग आहे, आणि मुले तेथे ‘‘करायचं काय’’ असे विचारत नाहीत.

वडिलांनी दूरध्वनीवरची ती सवलत त्या दिवशी तशीच राहू द्यावी, परत गेल्यावर पाचही जणांना एकत्र बसवून विचारावे, आणि आजीला सर्वांत आधी विचारावे. बहुधा ती म्हणेल, ‘‘तुम्ही जा, मी घरीच बरी.’’ हे उत्तर खरे की भिडेचे, ते ओळखायला थोडा वेळ द्यावा लागेल. शिमल्याची गाडी मात्र थांबणार नाही. आणि धाकट्याला तोवर समजलेले असेल, की वारा आला की हात वळतो. तो कठड्याशी उभा राहून पुढच्या झुळकेची वाट पाहत असेल.