जरा शिडी धराल का?

फेब्रुवारी सरत आला की आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पंख्याची आठवण होते. थंडीभर तो निवांत असतो. यंदा बटण दाबलं, तर नुसताच गुणगुणत राहिला. झाडूच्या दांड्यानं पात्याला जरा ढोसलं की मग फिरायचा, तोही आजारातून उठल्यासारखा. चार दिवस आम्ही तसंच ढोसून चालवलं. मग म्हटलं, हे काही खरं नाही. वायरमनला फोन केला. तो सकाळी आठला हजर. वय तिशीचं, आयटीआय झालेला, खांद्याला पिशवी आणि खिशाला टेस्टर. एरवी त्याच्याबरोबर हाताखाली एक मुलगा असतो. तो त्या दिवशी महाशिवरात्रीच्या जत्रेला गावी गेला होता. सोसायटीची घडीची शिडी उघडून वायरमननं पंख्याखाली मांडली. हलवून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, जरा शिडी धराल का?" मला कुकर लावायचा होता, मुलाचा डबा भरायचा होता. पण माणूस वर चढणार म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? पदराला हात पुसले आणि शिडी धरली.

चढण्याआधी त्यानं दोन कामं केली. टेस्टर आधी चालू प्लगला लावून पाहिला. त्यातला दिवा लागला. "टेस्टरच बिघडलेला असेल तर, काकू? आधी त्याला तपासायचं, मग त्याच्यावर भरवसा ठेवायचा." मग मेन स्विच पाडला आणि सुनेला म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोर्डापाशी थांबा. लाइट गेली समजून कुणीतरी येतं आणि मेन वर करतं." मग तो चढला. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या टाचा होत्या. पायाची बोटं पायरीला घट्ट धरून होती. त्यानं दोन्ही हात वर नेले की शिडीचा भार किंचित सरकायचा, आणि ते माझ्या तळव्यांना कळायचं. सुरुवातीला मी घड्याळाकडे बघत होते. नंतर घड्याळ विसरले. त्यानं पंख्याची खालची वाटी वर सरकवली. वायरींना टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही. मग आतून अंगठ्याएवढा कंडेन्सर काढून मला दाखवला. "हा बघा, फुगलाय. मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. एकटीला फिरायला सुरुवात करता येत नाही, ती नुसती गुणगुणते. दुसरीला ह्याच्यातून जरा वेगळ्या वेळेला करंट मिळतो, तेव्हा कुठे पंखा फिरायला लागतो." नवा कंडेन्सर त्यानं त्याच मापाचा, 2.5 मायक्रोफॅरडचा, बसवला. मग वरची वाटी खाली सरकवली. छतातला हूक, त्यावरचं रबर, नट-बोल्ट, सगळं हातानं चाचपलं. बोल्टाच्या टोकाला एक छोटी दुहेरी पिन असते. नट ढिला झाला तरी ती त्याला गळून पडू देत नाही. आमच्या पंख्याच्या त्या पिनेचा एक पाय तुटलेला होता. ते आम्ही सांगितलं नव्हतं, आम्हाला ठाऊकही नव्हतं. त्यानं ती बदलली. "नवा पंखा घेऊ का रे दादा?" मी खालून विचारलं. "कशाला, काकू? हा 75 वॅटचा आहे. आताचे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटवर चालतात, बिल वाचतं. हा थकेल तेव्हा तसा घ्या. अजून तो धडधाकट आहे." खाली उतरल्यावर त्यानं मेन चालू करायला लावला. आम्ही सगळे माना वर करून उभे. पंखा आवाज न करता फिरला. तो शिडी मिटता मिटता म्हणाला, "बरं झालं तुम्ही धरलीत. कुणी धरणारं नसलं की एक हात स्वतःला सावरण्यात जातो. कामाला एकच उरतो. आज दोन्ही हात मोकळे मिळाले."

ते वाक्य दिवसभर माझ्या मनात राहिलं. मला पंख्यातलं काही कळत नाही. मी एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. फक्त जागची हलले नाही, आणि मधे मधे सूचना केल्या नाहीत. तेवढ्यानं एका जाणत्या माणसाला त्याचा दुसरा हात मिळाला. मदत म्हटली की आपल्याला दोनच रीती सुचतात. एक म्हणजे "सरक, मी करते." दुसरी म्हणजे "असं नाही, तसं कर." दोन्हींमागे मायाच असते. पण ह्या दोन्हींच्या मधे एक तिसरी रीत आहे. ज्याचं काम त्याला करू द्यायचं आणि आपण शिडी धरायची. नातू धडा वाचताना जोडाक्षराला अडखळतो. आपण चटकन शब्द सांगून टाकतो. दोन क्षण थांबलो, नुसतं त्याच्या बोटाबरोबर ओळीवर बोट ठेवलं, तर तो स्वतःच जुळवतो आणि आपल्याकडे बघून हसतो. घरातले आजोबा मोबाइलवर विजेचं बिल भरायला बसतात. आपण फोन हातातून घेऊन एका मिनिटात भरून देतो. बिल भरलं जातं, पण आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच असतात. त्याऐवजी शेजारी बसायचं. त्यांचं बोट चुकीच्या जागी जायला लागलं, तरच बोलायचं. आणि सुनेनं केलं ते बोर्डापाशी उभं राहणंही तितकंच मोलाचं. तिनं पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर चढलेल्या माणसाला मागची काळजी राहू नये, एवढंच तिनं पाहिलं. मी बी.एड.ची परीक्षा देत होते तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा होता. सासूबाईंना माझ्या पुस्तकांतलं काही कळत नव्हतं. पण दुपारचे दोन तास त्या त्याला घेऊन अंगणात बसायच्या आणि आलेल्या-गेलेल्याला हळू आवाजात सांगायच्या, "आत अभ्यास चाललाय." तेव्हा मला ते साधंच वाटलं होतं. माझे दोन्ही हात त्यांनी मोकळे केले होते, हे मला त्या दिवशी शिडीपाशी कळलं.

तुम्ही आता कामाला निघायच्या घाईत असाल. तरी निघण्याआधी एकदा घरातल्या माणसांकडे बघा. आज त्यांच्यातलं कुणीतरी कुठल्या तरी शिडीवर चढणार असेल. कुणाची मुलाखत असेल, कुणाची पहिलीच एकटीनं गाडी चालवायची वेळ असेल, कुणी दवाखान्यात रिपोर्ट आणायला जाणार असेल. त्यांचं काम आपल्याला येत नसेल, तरी काही अडत नाही. "मी आहे इथे" एवढं म्हणता येतं, आणि म्हटल्यावर खरंच तिथे राहता येतं. कामाच्या ठिकाणी नवी आलेली मुलगी खिडकीवर बसली असेल, समोर रांग वाढत असेल. तिचं काम ओढून घेऊ नका. रांगेतल्या लोकांना "जरा थांबा, नवीन आहे, नीट करतेय" असं सांगा. आणि घरी पंख्याला, नळाला, गॅसच्या शेगडीला कुणी हात लावायला आलं, तर पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा. पलंगावरचं सामान उचला, मेन पाडला आहे ना ते बघा, पाण्याचा तांब्या भरून ठेवा, आणि तो चढू लागला की शिडी धरा. त्या दिवशी आमच्याकडे डब्याला दहा मिनिटं उशीर झाला. मुलगा काही बोलला नाही. तो बूट घालत होता, आणि वर बिनआवाजाच्या पंख्याकडे बघत होता. परवा रविवारी माळ्यावरून उन्हाळ्याचा माठ काढायचा होता. मी स्टूल ओढलं आणि चढायला पाय उचलला, तोवर मागून दोन हात आले आणि स्टूल घट्ट धरलं गेलं. मी वळून पाहिलं नाही. दोन्ही हात वर केले आणि माठ खाली घेतला.