व्रताला ताण किती असावा?

आषाढी एकादशी गोंदिया जिल्ह्यात येते ती धानाच्या रोवणीच्या तोंडावर, कधी ऐन रोवणीत. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईने कडक उपवास धरावा का, हा प्रश्न त्यामुळे इथे पोथीपुरता राहत नाही. माझ्या मते धरू नये. आणि तिने तो सोडल्याने व्रत मोडत नाही. लवचिकपणा हा नियमाच्या घडणीतच असावा लागतो. स्वेटशर्टाच्या बाहीला रिबचा कफ लावताना हे डोळ्यांना दिसते. सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रांगांची ती वीण ओढली की उघडते, सोडली की मिटते. कफ बाहीच्या तोंडापेक्षा मुद्दाम आखूड बेततात, दोन्हींवर चार-चार खुणा करून खुणेला खूण टाचतात आणि शिवताना फक्त रिब ताणतात, बाहीचे कापड नाही. एकाच भागात जास्त ओढले तर तिथेच चुण्या पडतात. टीपही झिगझॅग किंवा ओव्हरलॉकची लागते. साधी सरळ टीप हात घालताना तटकन तुटते.

सवलत दिली की नियम उरतच नाही, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे: ताणून परत न येणारी रिब नुसती लोंबते. पण परंपरांनी परत येण्याची वाटही आखून ठेवली आहे. रमजानात आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडता येतो, पण ते दिवस पुढे भरून काढायचे असतात. आपल्या धर्मशास्त्रात एकादशीचे बंधन आठ ते ऐंशी वर्षांच्या माणसांना सांगितले आहे आणि ज्याला झेपत नाही त्याला एकवेळ जेवणाची किंवा फळे-दूध घेण्याची मोकळीक आहे. एवढेच नव्हे, असमर्थाच्या वतीने नवऱ्याने, मुलाने, भावाने उपवास करावा, अशीही तरतूद आहे. हा प्रतिनिधीचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण तो ताण वाटून घ्यायला सांगतो.

बाया स्वतःच्या श्रद्धेने उपवास धरतात, त्यांना अडवणारे आपण कोण, असेही म्हटले जाईल. श्रद्धा त्यांचीच आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण घरातली बहुतेक व्रते एकाच माणसाच्या वाट्याला येत असतील, तर तिथे पडलेली चुणी इतरांनी पाहायला नको का? येत्या आषाढीला बांधीत उतरणारीला घरच्यांनी सकाळीच पोटभर जेवू घालावे आणि तिचा उपवास घरातल्या धडधाकट पुरुषाने धरावा.